चोरखिसा

पालयेचा कोट मी शिवला होता.
म्हणजे अख्खा नाही. खांदे आणि कॉलर अन्वर मास्तरांची,
मी एकोणीस वर्षांचा, काजं करायचो.
पण डावीकडे अस्तरात जो चोरखिसा होता
तो माझा.
चार बोटं रुंद, तोंड जरा तिरकं,
म्हणजे हात आत जाताना बघणाऱ्याला वाटावं
माणूस नुसती छाती चोळतोय.

रणजित पालये, हेर.
तीन सिनेमे, तिन्हींत तोच राखाडी कोट.
भालचंद्र नाबर करायचे तो,
पोर्ट ट्रस्टमधून अर्ध्या पगारी रजा काढून.
उंची बेताची, केस मागून विरळ.
दादरच्या पुलावर उभे असते तर
तुम्ही त्यांनाच विचारलं असतंत, किती वाजले हो,
आणि घरी पोचेपर्यंत चेहरा विसरला असता.
हेर आणखी कसा असतो?

वडाळ्याच्या गोदामात रात्रीचं शूटिंग.
चोरखिशातून नकाशा काढायचा, एवढंच.
हात थरथरला.
दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा घेऊ.
नाबर म्हणाले, राहू द्या. घाबरलाय तो.
राहिलं ते तसंच.
पुढे थिएटरात, शिट्ट्या मारणारी पुढची रांग
त्या थरथरीला गप्प व्हायची.
मी मोजून अकरा वेळा बघितलंय, उभा राहून.

गेल्या रविवारी पुतणीनं तिकिटं काढली,
सायनला, तिसऱ्या मजल्यावर.
काका, तुमचा पालये परत आलाय!
मी इस्त्रीचा शर्ट घातला.

आला तो हेलिकॉप्टरातून, उघड्या अंगानं.
दंड माझ्या मांडीएवढे.
हॉटेलातला वेटर त्याला नावानं ओळखतो,
शत्रू नावानं ओळखतो,
विमानतळावरची बाई तर नाव ऐकून लाजते.
मग लपवलं काय ह्यानं?

मी कोटाची वाट बघत बसलो.
कोट आला मध्यांतरानंतर. निळा, चकचकीत.
अंधारात मी डोळ्यांनीच टेप लावली:
छाती बेचाळीस, कंबर तीस,
आणि शिवणीत माया कुठेच सोडलेली नाही.
उद्या हा मुलगा जरा सुटला, जरा म्हातारा झाला,
तर उसवून वाढवायला कापडच नाही.

मुलगा वाईट नाही, खोटं कशाला बोलू.
मेहनत दिसते.
एकदा तर एका बंद दारासमोर तो थांबला,
श्वास घेतला,
आणि मी खुर्चीत पुढे सरकलो.
वाटलं, आता हात डावीकडे जाणार.
त्यानं दार लाथेनं तोडलं.
टाळ्या पडल्या.
शेजारचा पोरगा पॉपकॉर्न सांडेपर्यंत ओरडला,
त्याच्यावर मी का रागावू?
त्याचा पालये हाच.

पुतणीनं विचारलं, कसा वाटला?
म्हटलं, एसी फार होता.

रिक्षात मात्र आठवत राहिलं.
तिसऱ्या सिनेमानंतर कोट दुरुस्तीला आला होता,
बाहीला आगीची झळ लागलेली.
अस्तर उलटं केलं तर माझ्या खिशात
घडी घातलेली चिठ्ठी.
साबुदाणा अर्धा किलो,
वातींचा कापूस,
आईचे डोळ्यांचे थेंब (विसरू नये).
मी सायकल काढून माझगावला नेऊन दिली.
नाबर बनियनवर दारात आले, वाचली, हसले.
अरे, आठवडाभर हीच शोधतोय!
खिसा असा केलायस की
मलाच सापडत नाही.

पडद्यावर तिथून नकाशाच निघायचा.
थेंबांचं फक्त आम्हा दोघांना ठाऊक.